सगळ्या डोंगरांची स्की

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात बर्फ म्हटलं की लोकांना एकच बर्फ ठाऊक. लादीचा, ठोकून फोडायचा आणि मासळीवर पसरायचा. त्याच बर्फावरून माणसं पायाला फळ्या बांधून डोंगर उतरतात, त्याची परीक्षा असते, आणि ती द्यायला आपल्या परशुराम कोळ्याची निशा पार हिमाचलात जाते, हे ऐकून मासळी कापणाऱ्या बायकांचे हात थांबायचे. "अगो, आपल्याकडं कं बर्फ कमी हाय?" म्हणून खिदळायच्या. हसू देत बापड्या. त्यांनाही करमणूक नको का?

निशाला हसं होण्याची सवय होती. डोंबिवलीच्या एका शाळेत ती पी.टी.ची बाई, तीसुद्धा कंत्राटी. दर जूनला बोलावणं येईपर्यंत जीव टांगणीला. शाळेत तिला खेळाची बाई म्हणायचे आणि गॅदरिंगला खुर्च्या मांडायला लावायचे. अशात एकदा एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर ती मनालीला गेली, भाड्याच्या स्कीवर उभी राहिली, धडपडली, पुन्हा उभी राहिली, आणि झालं! बाई कामातून गेली. त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात हिचं मन तिकडेच. लग्नाचं बघू, घराचं बघू, आधी स्की शिकवणारी प्रशिक्षक व्हायचंय, असा हट्टच धरला तिनं. खुर्च्या मांडून मांडून जन्म काढायचा नव्हता तिला.

प्रशिक्षकांच्या कोर्सला घेण्याआधी उतारावर चाचणी होते. निशानं ती दोनदा दिली आणि दोन्हीदा आपटली. चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या झिजलेल्या स्की, कुणाकुणाच्या पायाखालून गेलेल्या. कडेच्या लोखंडी पट्टीला धार अशी नाहीच. यंदाची संधी शेवटची होती, कारण पस्तिशी उलटली की अर्जच घेत नाहीत. निशाची पस्तिशी मार्चात भरत होती आणि चाचणी फेब्रुवारीत होती. म्हणजे बघा, आता नाही तर कधीच नाही.

आणि यंदा तिच्याकडे स्की होती. स्वतःची नव्हे, पण स्वतःच्या म्हणण्यासारखी. ठाण्यातल्या एका दुकानदारानं नमुना म्हणून एक जोड मागवला होता आणि ट्रेकिंग ग्रुपच्या हवाली केला होता: वापरा, आणि कशी वाटली ते मोकळेपणानं सांगा. जोड होता 'ऑल-माउंटन', म्हणजे सगळ्या डोंगरांचा. पहाटेचा काचेसारखा बर्फ असो, ताजा भुसभुशीत असो, नाहीतर दुपारी माणसांनी तुडवून ढेकळं केलेला असो, एकाच स्कीनं भागायला हवं. ग्रुपमधल्या तिघांनी ती मनालीला आळीपाळीनं वापरली, आणि मग वर्तकनगरला रवीदादाच्या घरी बैठक बसली.

रवीदादा म्हणजे जाडजूड, गुडघे बोलायला लागलेला गृहस्थ. त्याचं मत असं, "मला वाटायचं, सगळं येणारीला काहीच धड येत नसणार. पण ही गुणी आहे राव. मी चुकीचं वजन टाकलं, पाय फाकले, तरी भांडली नाही. सांभाळून घेतलं मला. घरी एवढं कुणी सांभाळत नाही." आतून वहिनींनी भांडं आपटलं.

खोपटची विनिता मात्र दातांची डॉक्टर, तिला सगळ्याला टोकरून बघायची सवय. "कडक बर्फावर धार मस्त धरते, मान्य. ताज्या बर्फात बुडत नाही, तेही मान्य. पण जोरात सोडली की पुढची टोकं फडफडतात. हुशार मुलगी आहे, सगळ्या विषयांत पास. पहिला नंबर कशातच नाही."

"म्हणजे माझ्यासारखीच आहे की," निशा म्हणाली, आणि सगळे हसले. पण तिनं गंमत केली नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. "दादा, संस्थेच्या स्कीला मला ढकलून वळवायला लागायचं. ही तशी नाय. मी वळायचं मनात आणते, आणि ही वळलेली असते. पहिल्यांदाच मला वाटलेलं, की मला हे येतं."

एवढं ऐकल्यावर रवीदादानं जोड उचलून तिच्याच हातात दिला. "चाचणीला हीच घेऊन जा. दुकानदाराशी मी बोलतो." निशाला रडूच फुटलं. विनितानं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि सांगितलं, "रडून गंजवू नकोस. खाडीच्या हवेत आधीच धारा गंजतात."

आता परशुरामचं सांगतो. परशुराम कोळी, निशाचा बाप, सत्तरीकडे झुकलेला. खाडीवर जाणं सोडलेलं. दुसऱ्यांच्या होड्या रंगवून देतो. रंगकामात त्याचा हात धरणारा कोळीवाड्यात कुणी नाही. घरात दोघंच. मुलीच्या ह्या खुळाला त्यानं कधी नको म्हटलं नाही, पण हो म्हणून छातीही फुगवली नाही. पहिल्या वर्षी त्यानं विचारलेलं, "तिकडं कं करतंस गो तू?" तर निशानं आपल्या सोप्या भाषेत सांगून टाकलं होतं, "बर्फावरून घसरायचं, बाबा. खेळ हाय तो." दुसरा शब्द मराठीत पटकन सुचणार तरी कोणता? पेपरवालेही तोच लिहितात. म्हातारा तसाच उठून बाहेर गेला.

निघायच्या आदल्या दिवशी स्की सरसर सरकावी म्हणून निशानं तिच्या तळाला इस्त्रीनं मेण लावलं, धारा पुसल्या, पिशवीत घालून चेन ओढली आणि शाळेत रजेआधीची शेवटची हजेरी लावायला गेली. संध्याकाळी परत आली तर पिशवी नव्या नायलॉनच्या दोरीनं घट्ट बांधलेली, कोळ्याच्या गाठी मारलेल्या. म्हातारा कधी नव्हे तो खुशीत दिसला. "वाटंत सोडू नको गो," म्हणाला. तिनं नाही सोडली. गाडीत रंगाचा वास आला, पण त्यांच्या घरातल्या कपड्यांनाही रंगाचाच वास यायचा. तिला काय नवल वाटणार?

वर बर्फ पडून रस्ता बंद झाला आणि बस खालीच अडकली. निशा पोचली ती थेट चाचणीच्या सकाळी. बाकीची मुलं-मुली उतारावर अंग मोकळं करत होती. तिनं टपरीच्या बाकड्यावर पिशवी ठेवली, दातांनी गाठी सोडवल्या, स्की बाहेर काढली आणि उलटी केली.

तळ हिरवागार होता. होडीचा हिरवा. तिनं हात फिरवला तर तो खरखरला. नुसता रंग नव्हता, रंगात वाळू होती. मेण खरवडून, तळ घासून, ओल्या रंगावर बारीक वाळू पेरून, सुकवून, वर पुन्हा एक हात मारलेला. अगदी सारखा, कुठं ओघळ नाही, कुठं दाणा कमी नाही. दोन्ही स्कींना, टोकापासून टोकापर्यंत.

हे कशासाठी करतात ते कोळ्याच्या पोरीला सांगायला लागत नाही. होडीच्या फळ्यांवर असाच रंग मारतात, ओल्यात पाय घसरू नये म्हणून.

निशाचा एक भाऊ होता, जयेश. आठ वर्षांपूर्वी बापाबरोबर खाडीत गेलेला असताना ओल्या फळीवरून त्याचा पाय गेला, डोकं कडेला आपटलं आणि तो पाण्यात पडला. परशुराम सुकाणूवर होता. दाराशी आलेल्या प्रत्येकाला म्हातारा तेवढा एकच शब्द सांगायचा, "घसरला." फळ्यांना रंग मारायचा राहिला होता, हेही कोळीवाड्याला माहीत होतं, पण त्याच्या तोंडावर कुणी बोललं नाही. त्यानंतर त्यानं होडी विकली. आणि त्याच माणसाला पोरगी वर्षानुवर्षं सांगत होती, मी घसरायला जाते, बाबा, घसरायला.

"बाबा, कं केलंस रे ह्ये!" निशा एवढ्या मोठ्यानं ओरडली की टपरीवालीच्या हातातलं भांडं डचमळलं. राग तर असा आला होता की म्हातारा समोर असता तर काय बोलली असती देव जाणे. पण राग धरायचा कुणावर? एकेक दाणा मायेनं पेरलेला दिसत होता. तिला धड शिव्याही देता येईनात, आणि त्याचाच तिला जास्त संताप झाला.

तिनं धावाधाव केली. संस्थेच्या भांडारात गेली. होत्या नव्हत्या त्या स्की वाटून झालेल्या. एका पंजाबी मुलीनं तर आपली काढून पुढे केली, पण निशाचा बूट त्या स्कीवरच्या पकडीत बसेना, आणि पकड सरकवायची हत्यारं पार डोंगरमाथ्यावर होती. मग ती टपरीवर परतली आणि टपरीवालीचं उलथनं मागून घेतलं. पराठ्याचं उलथनं! त्यानं ती बर्फात गुडघे टेकून तळ खरवडायला लागली. रंग कसला सुटतोय? परशुरामनं मारलेला रंग तो, खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकणारा. चार बोटांची पट्टी सुटायची ती तळाचं साल घेऊन. वाळूनं आत ओरखडे पाडलेले. नखं फुटली, हिरव्यात लाल मिसळलं. टपरीवालीनं न सांगता मेणबत्ती आणून दिली, निशानं ती घासली, वरून हातानं चोळली. तोंडानं एकच चाललेलं, "सुट ना गं बाय, सुट ना." तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला.

ती सुरुवातीच्या खुणेशी उभी राहिली. खाली उतार, त्यात वळायचे झेंडे, पुढे मऊ बर्फाचा पट्टा, त्याच्याही पुढे ढेकळं. सगळ्या डोंगराचा नमुना एका उतारावर मांडलेला. ह्या स्कीला हे सगळं येत होतं. निशालाही येत होतं, यंदा खरंच येत होतं; मनातल्या मनात तिचा तो उतार कितीदा उतरून झाला होता.

काठ्या रोवून तिनं स्वतःला लोटलं. अंग पुढे गेलं, पाय मागेच. पुन्हा लोटलं. स्की खरखरत वीतभर सरकली आणि रुतून बसली. वळायचं मनात आणलं तरी काही वळेना. जिथं माणसं पाण्यासारखी वाहत गेली होती तिथं निशा काठ्यांवर भार टाकून एकेक पाय ओढत राहिली. खालून कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. तरी ती थांबली नाही. वेळ संपल्याची शिट्टी वाजली तेव्हा तिनं पहिला झेंडासुद्धा गाठला नव्हता.

परीक्षक खालून चालत वर आले. भला माणूस. वाकून त्यांनी तिला एक पाय उचलायला लावला, स्कीचा तळ बघितला, बोट फिरवलं. "मैडम, ये किसने किया?"

"मेरे बाबा ने. मैं गिरूँ नहीं इसलिए."

त्यांनी बोटाला लागलेली वाळू झटकली. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कोई बात नहीं बेटा. अगले साल आ जाना." आणि पुढचं नाव पुकारायला निघून गेले. पुढचं साल नाही हो मला, हे तिच्या ओठांवर आलेलं तसंच राहिलं.

निशा टपरीमागे जाऊन बसली आणि ढसाढसा रडली. पुढे काय, तर जून, बोलावण्याची वाट, आणि खुर्च्या. एवढंच दिसत होतं तिला. फोन वाजला. परशुरामचा. स्वतःहून फोन लावायला तो कुणाची तरी मदत घेतो, म्हणजे दारात शेजारची चार माणसं जमवूनच बसला असणार. निशानं उचलला. मनात ठरवून उचलला की आज बोलायचंच. तू माझं वाटोळं केलंस, हे तोंडावर सांगायचं.

"झाली कं गो परीक्षा?"

"झाली."

मग म्हाताऱ्यानं दबक्या आवाजात विचारलं, "घसरली नायस ना पोरी?"

निशानं आपल्या फुटलेल्या नखांतला हिरवा रंग बघितला. ठरवलेलं एकही वाक्य बाहेर येईना.

"नाय, बाबा," ती म्हणाली. "जरापण घसरले नाय."

"खरं?"

"तुझी शपथ. एक हातभर पण नाय."

मग म्हातारा हसायला लागला. आठ वर्षांत तिनं त्याचं असं हसू ऐकलं नव्हतं. फोन बंद करायचं त्याला कधी जमलं नाही. तो तसाच हातात धरून तो दाराकडे गेला असावा, कारण आवाज लांब गेला, पण शब्द न् शब्द कळत होता.

"ए शेवंते! आयकलंस कं? आमची निशा पास झाली! सगळी घसरली असतील, पण आमची नाय घसरली! अगो, पेढे आणा रे कुणीतरी!"

निशा फोन कानाला लावून "बाबा, बाबा" म्हणत राहिली. तिकडे कुणालाच ऐकू जात नव्हतं.