समोर प्या

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत डॉ. गद्र्यांच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाला दारातच लिंबाचं सरबत मिळायचं आणि ते त्यांच्यासमोर उभं राहून संपवावं लागायचं. ग्लास घेऊन आत जाऊन बसतो म्हटलेलं चालत नसे. हात मागे बांधून, मान जरा वाकडी करून ते तुमच्या गळ्याकडे बघत राहायचे. कोट अंगावर, बूट पायात, बाहेर बर्फ, आणि आपण गटागट सरबत पितोय. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका त्याला परीक्षा म्हणत. मी शिक्षा म्हणायची.

हा माणूस मला आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण गद्र्यांनी कधी कुणाबद्दल, जिवंत की मेलेला, चांगलं बोलल्याचं मला तरी आठवत नाही. त्यामुळे फिट्टंफाट झाली असं समजायला हरकत नाही.

ऐंशीच्या दशकात मी कॉव्हेंट्रीच्या एका सरकारी हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांच्या विभागात नोकरीला लागले. देशी डॉक्टरांना तेव्हा तिथेच जागा मिळायच्या. गद्रे मूळचे रत्नागिरीचे, सर्जन व्हायला म्हणून विलायतेत आलेले आणि वीस वर्षं याच वॉर्डांत अडकलेले. माझ्याआधी तीन गोरे डॉक्टर त्यांच्या डोक्यावरून कन्सल्टंट, म्हणजे विभागाचे मुख्य डॉक्टर, होऊन बसले होते. पहिल्या दिवशी मी नाव सांगितलं, पुण्याच्या कॉलेजचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "ते राहू द्या. आत जा आणि वास कसला येतो ते सांगा." मी म्हटलं, फिनेलचा. ते म्हणाले, "म्हणजे कुणीतरी काहीतरी लपवलंय." आणि नोव्हेंबरच्या थंडीत त्यांनी साऱ्या खिडक्या उघडायला लावल्या. वॉर्डच्या सिस्टर डॉयल त्या दिवशी माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू वारा मीच आणलाय.

खिडक्या, गाद्यांना ऊन दाखवणं, सरबत या सगळ्याचं मूळ एकच होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून कैद्यांना जहाजांत घालून ऑस्ट्रेलियाला पाठवत. महिनोन्‌महिने समुद्रावर, खालच्या मजल्यावर दाटीवाटीने कोंबलेली माणसं. प्रत्येक जहाजावर आरमाराचा एक डॉक्टर असे. गद्र्यांना या डॉक्टरांचं वेड होतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही मुलांना घेऊन बागेत जायचो, तेव्हा हे लंडनच्या दप्तरखान्यात त्यांच्या जुन्या रोजनिशा वाचत बसायचे. मंडळात एकदा त्यांना गणपतीत भाषणाला बोलावलं, तर आरतीच्या आधी तासभर कैद्यांचा हगवण-अतिसार सांगितला. पुन्हा कुणी बोलावलं नाही.

ते सांगत, "नेपोलियनशी लढाया संपल्या, आरमारातले डॉक्टर अर्ध्या पगारावर घरी बसले. किनाऱ्यावर ज्याला कुत्रं विचारत नाही, त्याला कैद्यांच्या जहाजावर धाडलं. आपण त्यांचेच वंशज." तुरुंगवाले मरायला टेकलेला कैदी धडधाकट म्हणून जहाजावर ढकलायचे, तसेच बाकीचे वॉर्ड आपले नकोसे म्हातारे आमच्याकडे ढकलतात, असं त्यांचं म्हणणं होतं. यात काही खोटं नव्हतं. पण ते असं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, ढकलणारा आपणच. पेशंट घरी गेला की ते 'डिस्चार्ज' म्हणत नसत, 'जिवंत उतरवला' म्हणत. आणि लिंबाच्या रसाचं असं, की तो रस कैद्यांना रोज डेकवर डॉक्टरासमोर प्यावा लागे. हातात दिला तर ते तो ओतून टाकत, नाहीतर तंबाखूच्या बदल्यात विकत, आणि मग एकेकाला स्कर्व्ही व्हायची.

एकदा एका आजोबांच्या उशीखाली त्यांना महिन्याभराच्या गोळ्या सापडल्या. गोळ्या दिल्या म्हणून मी कागदावर सही केलेली होती. साऱ्या वॉर्डसमोर, सिस्टर डॉयलच्या देखत, त्यांनी त्या माझ्या ओंजळीत ओतल्या. "दिल्या म्हणजे काय, मॅडम? ट्रॉलीवरून दिल्या, की पोटात गेल्या?" त्या दिवशी मी नवऱ्याला सांगितलं, या माणसाचं मरणही कुणी समोर उभं राहून बघणार नाही.

त्याच वर्षी माझ्या सासूबाई पुण्याहून कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या. मी त्यांना आई म्हणायची. आमचं छान होतं, म्हणजे सासू-सुनांचं जितकं असतं तितकं. पण इथल्या थंडीत त्यांचे पाय दुखायला लागले. सांधे दुखतात म्हटल्यावर पुण्याहून त्यांच्या बहिणीचा फोन, आंबट बंद कर. त्यांनी आंबट बंद केलं. पुढच्या थंडीत दुखणं आणखी वाढलं. मग बटाटा वातूळ म्हणून बंद, कोबी-फ्लॉवर बंद. मिरची पित्तापायी गेली. राहता राहिली पोळी, मुगाचं वरण, भात आणि चहा. मग पायांवर डाग उठले. निळे, जांभळे, पिवळे. एक दिवस त्या न्हाणीत पडल्या आणि अँब्युलन्सने त्यांना नेमकं आमच्याच हॉस्पिटलात आणलं.

निरनिराळ्या दिवसांचे डाग, मांड्यांवर, पोटऱ्यांवर, दंडावर. म्हातारं, परभाषेतलं, परावलंबी माणूस. याचा अर्थ कुठल्याही डॉक्टरला कळतो, मलाही दुसऱ्या कुणाच्या बाबतीत कळला असता. रक्त गोठण्याच्या सगळ्या चाचण्या बरोबर आल्या. मग कन्सल्टंटसाहेबांनी कौन्सिलला, म्हणजे नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्याला, फोन केला आणि कौन्सिलने नीता नावाची मुलगी भाषांतराला पाठवली. ती लंडनच्या हॅरोत जन्मलेली, विशीतली, स्वभावाने गोड. आल्या आल्या म्हणाली, "माझा मराठी थोडा वीक आहे, आजी, तुम्ही स्लोली बोला." मला बाहेर थांबवून तिने विचारलं, हे कुणी केलं? आईंना ऐकायला कमी. त्यांना वाटलं, तुमचं कोण करतं असं विचारतेय. त्या कौतुकाने म्हणाल्या, "अगं, सगळं माझ्या सुनेनेच केलं." नीताने इंग्रजीत सांगितलं, "शी सेज, हर डॉटर-इन-लॉ डिड ऑल ऑफ इट."

दुसऱ्या दिवसापासून मला कामावर येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. चौकशी होणार होती आणि ती विरुद्ध गेली असती तर माझी डॉक्टरकी संपली असती, कदाचित आणखीही काही. मंडळातले फोन बंद झाले. सिस्टर डॉयल मला बघून औषधांचं कपाट लावू लागायच्या. हे सगळं मी सोसलं असतं. पण नवऱ्याने एका संध्याकाळी, टीव्हीकडे बघत, विचारलं, "वसू, एवढे डाग पडले तरी कसे गं?" त्याचा आवाज मऊ होता. तो मऊपणा मी आजवर विसरलेले नाही.

गद्रे रजेवरून परतले ते याच्यात. त्यांच्याकडून मायेचा शब्द येणार नाही हे मला माहीत होतं, तरी आपल्याकडचं माणूस म्हणून कुठेतरी आशा होती. त्यांनी मला खोलीत बोलावलं. खिडकी अर्थातच उघडी. बसा म्हणाले नाहीत.

"मारलंत तुम्ही?"

"नाही."

"नवऱ्याने?"

"नाही."

"सगळे हेच म्हणतात," ते म्हणाले. "आता तुम्ही या वॉर्डात डॉक्टर नाही, नातेवाईक आहात. नातेवाइकांनी दुपारी यायचं आणि तोंड बंद ठेवायचं."

दुपारी मी आईंच्या पलंगापाशी तोंड बंद ठेवून उभी होते. गद्रे आले. डागांकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते तर सगळ्यांनी पाहिले होते. त्यांनी आईंचा डावा हात उचलला. अंगठ्याच्या बुडाशी एक जुना व्रण होता, मी लग्न होऊन आल्यापासून पाहत आलेला, पांढऱ्या दोऱ्यासारखा. तो आता जांभळा झाला होता आणि ओला होता.

"आजी, हे कधीचं?"

"अहो, परकरात होते मी. फणस चिरताना विळी लागली."

गद्रे बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आईंचं तोंड उघडून पाहिलं. तोंडात एक दात नव्हता, आणि दात नसतील तर या दुखण्यात हिरड्या सुजत नाहीत. तिथेच सगळे फसले होते. कन्सल्टंटनी नीताकरवी विचारलं होतं, तुम्ही काय काय खाता? आई म्हणाल्या होत्या, सगळं खाते. पाहुण्याला कुणी याहून वेगळं सांगतं का? गद्र्यांनी ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "आजी, काय काय सोडलंय?"

हा प्रश्न आपल्याकडचा. आईंचा चेहरा उजळला. सोडलेल्या गोष्टी सांगायला कुठल्या बाईला आवडत नाही? काशीला पेरू सोडला, तिथपासून त्यांनी सुरुवात केली. मग लिंबू, चिंच, कैरी, टोमॅटो, संत्रं. मग बटाटा. मग कोबी. गद्रे प्रत्येक नावाला मान डोलवत होते. "म्हणजे दुखतं म्हणून आंबट सोडलं," ते म्हणाले, "आणि आंबट सोडलं म्हणून दुखतंय." मग सिस्टर डॉयलकडे वळून एकच शब्द बोलले. "स्कर्व्ही."

सिस्टर हसल्या. कन्सल्टंटही हसले, म्हणाले, गद्रे, कॉव्हेंट्रीला समुद्र नाही. गद्रे म्हणाले, त्या जहाजांवर हे दुखणं वाढलं की पहिल्यांदा जुन्या जखमा उघडायच्या. वीस वर्षांपूर्वी भरलेल्यासुद्धा. अंगाची शिवण धरून ठेवायला जे लागतं तेच संपतं. रक्ताचा नमुना दूरच्या लॅबला गेला, पण त्याच्यासाठी ते थांबले नाहीत. गोळ्या दिल्या, तर आईंनी त्या पदराच्या गाठीत बांधल्या. आंबट लागल्या म्हणून. मग गद्रे घरून लिंबं घेऊन आले. वॉर्डच्या किचनमध्ये स्वतः पिळली आणि पलंगासमोर हात मागे बांधून उभे राहिले.

"समोर प्या."

"मरेन, पण आंबट घेणार नाही. तुमच्यापेक्षा माझी सून परवडली हो."

"सून काय करते?"

"काय करत नाही? न्हाऊ घालते, वेणी घालते. माझं पथ्य तर असं सांभाळते, की वरणात चुकून कोकम पडलं नाही कधी. सगळं हिनेच केलं माझं, त्या पोरीलाही सांगितलं मी."

नीता फायलीशी उभी होती. तिने तोंडावर हात घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, वाटलं, सुटले. तेवढ्यात गद्रे माझ्याकडे वळले आणि मराठीत, कुणाला कळू नये असं, म्हणाले, "म्हणजे पोरीचं भाषांतर चुकलं नाही. केलंत तुम्हीच. मारलं नाहीत, पथ्य सांभाळलंत."

असं बोलण्याची काय गरज होती, हे मी अजून स्वतःला विचारते. वैऱ्यालाही त्या क्षणी कुणी असं बोललं नसतं. आईंनी शिव्या देत सरबत संपवलं, आणि पुढे रोज, शिव्या देत, संपवत राहिल्या. डाग फिके झाले. व्रण सुकून पुन्हा पांढरा झाला. त्या स्वतःच्या पायांनी घरी आल्या. चौकशी मिटली, नीता येऊन माझ्या गळ्यात पडून रडली, मंडळातले फोन सुरू झाले. नवऱ्याने माफी मागितली, मी दिली, आणि दोघांनाही कळलं की ती पूर्ण दिलेली नाही.

मी एकदा गद्र्यांना धीर करून विचारलं, "सर, तुम्हाला खरंच वाटलं होतं मी मारलं म्हणून?"

"वाटलं होतं," ते म्हणाले. "व्रण उघडा नसता तर अजून वाटलं असतं."

"माझ्यावर एवढाही विश्वास नव्हता?"

"जहाजावरच्या डॉक्टरने विश्वास ठेवायचा नसतो, मॅडम. बघायचं असतं. तुमच्या नवऱ्याचा होता ना विश्वास? काय केलं त्याने?"

मी निघून आले. पण पुढे जेवढी वर्षं डॉक्टरकी केली, तेवढी वर्षं मी आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना काय खाता असं विचारलं नाही. काय सोडलंय, असंच विचारलं. त्यांचं हे एवढं घेतलं, आणि तेही नाखुशीने.

नव्वदच्या दशकात ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला केक उरला. कन्सल्टंटपद त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही आणि त्याबद्दल ज्याला त्याला ते ऐकवत राहिले. बायको केव्हाच लंडनला मुलीकडे राहायला गेली होती. दोन-तीन वर्षांनी पक्षाघात झाला आणि त्यांना त्यांच्याच जुन्या वॉर्डात आणलं. खिडक्या आता नव्या होत्या, जेमतेम बोटभर उघडणाऱ्या. नर्स म्हणाली, गिळता येतं यांना, पण कुणाच्या हातचं काही घेत नाहीत. तोंड मिटून घेतात.

घरी आईंना हे सांगितलं. त्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या आणि गद्र्यांचं नाव 'तो मेला' असंच घेत. त्यांनी लिंबं काढली, स्वतः पिळली, साखर-मीठ घातलं आणि बाटली माझ्या हातात दिली.

मी खिडकी उघडेल तेवढी उघडली. ग्लास भरून त्यांच्या ओठांशी नेला. अर्धा चेहरा उतरलेला, पण उरलेल्या अर्ध्यात ते पुरते गद्रेच होते. "सर," मी म्हटलं, "समोर प्या." त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोच संशय. शब्द जुळवायला त्यांना फार वेळ लागला.

"आधी... तुम्ही."

मी त्यांच्यासमोर उभं राहून अख्खा ग्लास संपवला. मान जरा वाकडी करून ते माझ्या गळ्याकडे बघत होते. ग्लास उलटा करून दाखवला, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.