एका युद्धनौकेची मालकीण

“विद्या, राजाचं अप्रूव्हल आलं का?”

सोमवारची सकाळ, पाया लेबारचं आमचं ऑफिस. माझे बॉस मिस्टर टॅन पिशवीतली कोपी, म्हणजे इथली कॉफी, हातात धरून माझ्या डेस्कपाशी उभे होते आणि हे अगदी मनापासून विचारत होते.

“नाही आलं, सर.”

“रिमाइंडर?”

“रोज जातंय.”

“मग फोन कर.”

“सर, ते स्पेनचे राजे होते. वारले त्याला जमाना झाला.”

मिस्टर टॅननी कोपीचा घोट घेतला. “ओह. मग डेप्युटी कोण?”

हसू नका. मलाही तेव्हा हसू आलं नव्हतं. महिनाअखेरीपर्यंत क्लायंटची सही मिळाली नाही तर प्रोजेक्ट बंद, आणि प्रोजेक्ट बंद म्हणजे माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, रिन्यू होणार नाही. नवरा महेश आणि मुलगी सायली यांचे पास माझ्याच पासाला बांधलेले. एक सही अडली तर पुंगोलचा फ्लॅट, सायलीची शाळा, सगळं गुंडाळून पुण्याला परत. आणि सही अडली होती एका मेलेल्या राजापाशी.

२०१४ सालची ही गोष्ट. आमची कंपनी शिपिंगवाल्यांचे कागद सांभाळायची. जहाजांचे नकाशे, सर्टिफिकेटं, खलाशांच्या याद्या, सगळं एका सिस्टिममध्ये. मी तिथली डेटा मॅनेजर. साध्या मराठीत सांगायचं तर कारकुनांची मुकादम. त्या वर्षी एक मोठं काम हातचं गेलं आणि सेल्सवाल्यांनी घाईघाईत दुसरं उचलून आणलं. स्पेनमधल्या एका संस्थेकडे तिथल्या आरमाराच्या जुन्या युद्धनौकांचे खोकीच्या खोकी कागद होते. कुठला कागद कुठल्या नौकेचा हे ठरवायचं, एकाच नकाशावर बांधलेल्या नौकांचा एक वर्ग करायचा आणि प्रत्येक नौकेचं एक रेकॉर्ड उघडायचं. ते संस्थेच्या वेबसाइटवर जाणार होतं.

“सर, आपली सिस्टिम चालत्या जहाजांसाठी आहे,” मी म्हटलं होतं.

“शिप इज शिप, लाह,” मिस्टर टॅन म्हणाले होते.

झालं. नौका बुडून किंवा भंगारात जाऊन कित्येक दशकं लोटलेली, आणि आमचा फॉर्म विचारतोय, पुढची तपासणी कधी? रिकामं सोडता येत नाही. मी २०९९ टाकलं. ओनर कोण? तेही रिकामं चालत नाही. कागदावर ‘हिज मॅजेस्टी’ लिहिलेलं, मी तेच टाइप केलं. ओनरचा ईमेल? ऑफिसचा दिला. त्यामुळे सिस्टिम रोज सकाळी आम्हालाच मेल पाठवायची, ‘डिअर हिज मॅजेस्टी’ म्हणून.

पण खरा घोळ मी घातला. तो असा.

एकाच नकाशावर बांधलेल्या तीन नौका होत्या. तिसरीचा इथे संबंध नाही. पहिली ‘एस्पान्या’. ती १९२३ साली धुक्यात मोरोक्कोच्या किनाऱ्यावर खडकांत जाऊन बसली आणि तिथेच संपली. दुसरीला त्या वेळच्या राजाचं नाव होतं. १९३१ मध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आलं. नव्या लोकांना राजाचं नाव नको होतं, म्हणून त्यांनी या दुसरीलाच ‘एस्पान्या’ नाव देऊन टाकलं. ही १९३७ मध्ये, तिथल्या यादवी युद्धात, सुरुंगावर आदळून बुडाली.

हे मला आज पाठ आहे. तेव्हा मी वाचलं नव्हतं. मी नियम लिहिला होता. एकच जहाज दोनदा नोंदलं जाणं हा आमच्या धंद्यातला कायमचा आजार, त्यावरचं औषध म्हणजे मर्ज, दोन रेकॉर्डं एकात मिसळणं. नाव, गोदी, वर्ग, लांबी, तोफा, पाचपैकी पाच जुळलं की जहाज एकच. तारखा आम्ही मुद्दामच धरत नसू, कारण जहाजांच्या कागदांवर तारखा नेहमीच चुकलेल्या असतात. पाचपैकी पाच जुळलं. मी मर्ज दाबलं.

सिस्टिम बिचारी कुरकुरली. जहाज दोनदा कसं बुडेल, मधे वर काढलं होतं का, असं तिने विचारलं. खोक्यात पहिल्या नौकेच्या तोफा समुद्रातून काढल्याचा कागद होता. मी त्याच्या जोरावर ठोकलं, ‘हो’.

त्या दिवशी जेवताना मी घरी फुशारकीने सांगितलं की माझी एक नौका दोनदा बुडली. सायली चौथीत होती. ती म्हणाली, “आई, सिंक ऑलरेडी, हाऊ टु सिंक अगेन?”

“भात खा,” मी म्हटलं.

मिस्टर टॅननी सही केली आणि रेकॉर्ड फ्रीझ झालं. फ्रीझ म्हणजे कुलूप. अपघातानंतर कुणी गुपचूप कागद बदलू नयेत म्हणून ते ठेवलेलं असतं. उघडायचं तर जहाजाच्या ओनरने स्वतःच्या आयडीने लॉगिन करून अप्रूव्ह करायचं.

आणि मग सेन्योरा पिलार आल्या. संस्थेच्या वतीने काम तपासायला आलेल्या सत्तरीच्या बाई, बारीक चणीच्या. माझ्या शेजारी बसून त्या खलाशांच्या याद्या वाचत होत्या. एका नावावर त्यांचं बोट थांबलं.

“हे माझे आजोबा,” त्या म्हणाल्या. “पहिल्या एस्पान्यावर बॉयलरमध्ये कोळसा घालायचे. जहाज खडकावर चढलं तेव्हा चालत उतरले.” मग त्यांनी पुढचा रकाना वाचला. “इथे लिहिलंय, १९३७ पर्यंत जहाजावर.”

मी समजावलं की उतरल्याची तारीख कागदात नव्हती, म्हणून सिस्टिमने जहाजाच्या शेवटाची तारीख आपोआप भरली.

“१९३७ मध्ये ते जहाज कोणाकडे होतं, माहीत आहे तुम्हाला?”

मला माहीत नव्हतं.

“यादवीत ज्यांनी माझ्या आजोबांना तुरुंगात टाकलं होतं, त्या बंडखोर सैन्याकडे. ते कोठडीत मार खात होते, आणि तुम्ही त्यांना मारणाऱ्यांच्या जहाजावर नोकरीला ठेवलंय. माझी आई हे वाचायला जिवंत नाही, एवढंच बरं.”

बाईंचा आवाज जराही चढला नव्हता. लाज वाटली, अक्षरशः लाज. त्या उठल्या आणि म्हणाल्या, “ते उतरेपर्यंत मी सही करणार नाही.”

तर असं आम्ही राजापाशी येऊन अडकलो होतो. आजोबांना उतरवायचं तर नौका दोन करायच्या, नौका दोन करायच्या तर कुलूप उघडायचं, आणि कुलपाची किल्ली राजाकडे.

“राजाचा युजर आयडी काढ,” मिस्टर टॅन म्हणाले.

“त्याला पासपोर्ट नंबर लागतो.”

“राजाला पासपोर्ट असतो?”

“मला काय माहीत, सर!”

“सिस्टिमवाल्यांना सांग, कुलूप तोडा.”

सिस्टिमवाल्यांचं उत्तर तासाभरात आलं. ओनरच्या परवानगीशिवाय काही करता येणार नाही. कृपया ओनरशी संपर्क साधावा.

घरी आले तर महेश इस्त्री करत होता. माझं रामायण ऐकून म्हणाला, “अगं, राजा ऐकत नसेल तर नौका विकत घे ना.”

“तुला चेष्टा सुचतेय? सामान बांधायला लागेल आपल्याला!”

पण मग डोक्यात लख्ख पेटलं. आमच्या सिस्टिममध्ये मालकी बदलायचा फॉर्म होता. जहाजं विकली जातात तेव्हा विकणाऱ्याची सही बाहेर कागदावर होते, सिस्टिममध्ये फक्त नव्या ओनरने ‘स्वीकारलं’ दाबायचं. जुन्याला कुणी विचारतच नाही. म्हणजे राजाला न विचारता त्याची युद्धनौका नेता येत होती, फक्त तिच्यातलं शुद्धलेखन सुधारता येत नव्हतं.

पिलारबाईंनी संस्थेच्या वतीने पत्र दिलं, की दुरुस्तीपुरती मालकी बदलायला हरकत नाही. आता ओनर कोण? क्लायंटला लॉगिन नसतं. मी मिस्टर टॅनकडे पाहिलं.

“मी नाही, लाह. माझी बायको आधीच म्हणते, घरात सामान फार झालंय.”

शेवटी मीच. शेऱ्यात सगळं खरंखरं लिहिलं, पत्र जोडलं आणि ‘स्वीकारलं’ दाबलं. स्क्रीनवर आलं, ‘अभिनंदन! आपण या जहाजाचे मालक आहात.’ पंधरा हजार टनांची युद्धनौका. आमच्या घराण्यात याआधी कुणाची साधी होडीही नव्हती.

मालकीण म्हणून मी स्वतःला परवानगी दिली. कुलूप उघडलं. नौका दोन केल्या. कोळशाचा प्रत्येक माणूस, प्रत्येक स्वयंपाकी, प्रत्येक तोफखान्याचा गडी एकेक करून आपापल्या डेकवर नेऊन ठेवला. दोन दिवस गेले. या वेळी सगळे कागद वाचले. मग पिलारबाईंना बोलावलं. त्यांच्या आजोबांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘जहाज सोडले, १९२३.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. “त्यांचे बूट ओले झाले होते,” त्या म्हणाल्या. “मरेपर्यंत त्याच बुटांबद्दल बोलायचे.” मग पेन मागितलं आणि सही केली.

पास रिन्यू झाला. फक्त ती पहिली नौका अजून माझ्याच नावावर आहे, कारण परत करायची तर राजाने ‘स्वीकारलं’ दाबायला हवं. दरवर्षी कंपनीचा फॉर्म येतो, तुमच्या मालकीचं एखादं जहाज आहे का? मी ‘हो’ लिहिते. कारण? ‘चुकून.’ स्थिती? ‘खडकावर.’

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पिलारबाईंनी सही केली त्या रात्री मला झोप लागली नाही. तो पाचपैकी पाचचा नियम मी आमच्या चालत्या जहाजांवरच्या खलाशांनाही लावला होता. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, जिल्हा, हुद्दा. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगताच मी मर्ज केलेल्यांची यादी काढली. तिसऱ्याच पानावर रत्नागिरीचा एक खलाशी. दोन रेकॉर्डांचं एक केलेलं, जन्मतारीख दोन्हीकडे एक जून.

कपाळाला हात लावला मी. एक जून! जन्मतारीख माहीत नसली की शाळेत गुरुजी ठोकून देतात ती तारीख. माझ्या सख्ख्या काकाची तीच, अख्ख्या गावाची तीच. टॅनना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला होतं. कागद उघडून बघितले, दोन वेगळे फोटो, दोन वेगळी माणसं, एकाच भावकीतली असावीत. त्यातला एक रिटायर झालेला. म्हणून सिस्टिमने दोघांनाही रिटायर केलं होतं, आणि दुसऱ्याला दोन वर्षं जहाजावर बोलावणंच गेलं नव्हतं.

मी मिस्टर टॅनना सांगितलं. ते म्हणाले, “यू कॉल हिम. फर्स्ट.”

मी फोन लावला. नाव सांगितलं, कंपनी सांगितली, चूक माझी होती हेही सांगितलं.

मग तो म्हणाला, “म्हणजे माझं काय चुकलं नव्हतं ना, बाई? मी दोन वर्षं तेच शोधतोय.”

यातून मी काय शिकले, ते सांगायला फार वेळ लागत नाही. पाचपैकी पाच जुळलं की मी आता फोन उचलते.