शेवटचा ओटा

मावशीची टोपली मी फाटकाजवळच्या पहिल्या ओट्यावर ठेवली आणि बाजार थांबला.

गाव आमचं संग्रामपूर तालुक्यातलं. आठवडी बाजार वर्षानुवर्षं वेशीजवळच्या गल्लीत भरायचा. मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, तिथं सांडपाण्याच्या नालीशी वांगी-मिरच्या घेऊन बसायची. तिच्याआधी तिची सासू तिथंच बसायची. आम्हा बौद्धांच्या सगळ्याच बायका त्या टोकाला, आणि शेजारी कोंबड्या-अंडी विकणारी मुसलमान कुटुंबं. तिथवर गिऱ्हाईक यायचं ते ऊन उतरल्यावर, उरलेला माल भाव पाडून मागायला.

मग बाजार नव्या मैदानात न्यायचं ठरलं. सिमेंटचे ओटे झाले. त्यांवर ना नंबर, ना नाव. जो आधी येईल तो हवा तिथं बसेल, अशी दवंडी झाली. मी तेव्हा शहरातल्या विद्यापीठात उत्क्रांतिवादी अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होते. या शास्त्राचं म्हणणं असं, की अर्थव्यवस्था हे यंत्र नाही, ती सवयींची बनलेली असते. सवयी एका पिढीकडून दुसरीकडे जातात, बदलतात, काही टिकतात, काही मरतात. का टिकतात, ते शोधायचं. संशोधकाला असा आयता प्रयोग जन्मात मिळत नाही. मी पहिल्याच बाजाराला गावी आले आणि उजाडायच्या आत मावशीला घेऊन मैदानात पोहोचले.

जुन्या बाजारात पहिली जागा कांदे-बटाटेवाल्याची. तो आला. पोती खाली उतरवली आणि मावशीकडे बघून हसला.

"काय काकू, आज इकडं?"

बस, एवढंच. तो भांडला नाही, पण दुसऱ्या ओट्यावरही बसला नाही. पोत्यांना टेकून उभा राहिला. त्याच्यामागून लसूणवाला आला, तोही उभा. मग मसालेवाली, मग भांडीवाला. कोणी माल मांडेना. एवढे ओटे मोकळे आणि माणसं ओझी घेऊन उभी. गिऱ्हाईकं यायला लागली तशी सगळ्यांच्या नजरा मावशीवर येऊन थांबल्या.

मावशीनं टोपली उचलली आणि थेट शेवटच्या ओट्याकडे निघाली. नव्या मैदानात नाली नव्हती. तिथं मुतारी होती. ती बसली आणि मागचा अख्खा बाजार जुन्या क्रमानं, जागच्या जागी, बिनबोभाट बसला.

मी तिच्यावरच चिडले. "कोणी ऊठ म्हटलं का तुले?"

"म्हना लागते का?"

"मग काऊन उठली?"

"तुले काय वं, तू उद्या यस्टीत बसून निंगून जाशीन. मले पुढच्या बाजारी या लोकायच्याच तोंडाकडे पाहाचं हाय." मिरच्यांवर पाणी शिंपडत ती म्हणाली, "आन तू सरक जरा, गिऱ्हाईकाले वाटन तूच इकून राह्यली."

माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण या सकाळीवर उभं आहे. विभागातल्या समितीपुढे मी ते वाचलं. एक ज्येष्ठ प्राध्यापक खूश झाले. "किती सुंदर. अधिकारी नाही, नियम नाही, तरी तंटा नाही. सगळ्यांचा वेळ वाचला. ही सवय कार्यक्षम आहे, म्हणूनच टिकली."

दुसरे म्हणाले, "फक्त जात हा शब्द काढा. तो समाजशास्त्राचा. आपण 'स्थानिक परंपरा' म्हणू."

टिकलं ते चांगलंच असतं असं समजू नका, हा आमच्या शास्त्राचा अगदी पहिला धडा. तो मला याच माणसांनी फळ्यावर लिहून शिकवला होता. गोगलगायींची उदाहरणं देताना तो त्यांना पाठ असतो. माणसांवर आलं की विसरतात. वेळ वाचला, पण कोणाचा? कार्यक्षम, पण कोणासाठी? मुतारीचा वास खात दिवस काढणारी बाई त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हती. तिनं टोपली उचलली म्हणून तंटा झाला नाही, आणि तिच्या त्या उचलण्याला हे लोक सुंदर म्हणत होते.

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं आली. बाबा छापखान्यातून ओल्या शाईचे गठ्ठे आणायचे आणि मी त्यांवरच अक्षरं लावायला शिकले. बाबांचा दंडक एकच होता: जागा मिळाली नाही असं लिहायचं नाही, कोणी दिली नाही ते लिहायचं. समितीला नेमकं ह्याच्या उलट हवं होतं.

व्हरांड्यात मार्गदर्शकांनी मला गाठलं. ते वाईट माणूस नाहीत, त्याचाच जास्त राग येतो. "एका शब्दाचा प्रश्न आहे. काढा, मी सही करतो. नाहीतर समिती प्रकरणच गाळायला लावेल. तुम्ही हुशार आहात, हट्ट कशाला?"

माझ्या मावशीची जागा हा त्यांच्या लेखी माझा हट्ट.

पुढच्या बाजाराला गावी गेले. शेवटच्या ओट्यावर बसून मावशीला समितीतले साहेब काय म्हणाले ते सांगितलं आणि ते प्रकरण वाचून दाखवलं, जमेल तितकं आमच्या बोलीत करून. ती निवांत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "हे 'विक्रेती, विक्रेती' कोन हाय?"

"तूच."

"मंग माहं नाव कुठं गेलं?"

मी सांगितलं, संशोधनाचा नियम आहे. नाव उघड झालं तर माणसाला त्रास होऊ शकतो, जागा जाऊ शकते.

"जाईन कुठं?" तिनं मान वळवून मुतारीच्या भिंतीकडे पाहिलं. "याच्या मांगं ओटा हाय का मले ढकलाले? टाक नाव. आन त्या सुंदर म्हननाऱ्या सायबाले म्हनावं, एक बाजार इथं येऊन बस."

या लेखात मी कोणाचंच नाव घेतलेलं नाही. प्रबंधात मात्र, तिच्या अंगठ्यानिशी, तिचं पूर्ण नाव आहे आणि शेजारी तो शब्दही आहे. असं प्रकरण मी मार्गदर्शकांच्या टेबलावर ठेवून आले. त्यांची सही अजून झालेली नाही.