रेट उतरला की येते

पुलाच्या अलीकडे पैसे बदलायची दुकानं एकाला एक लागून आहेत. बाकीच्यांनी लाल दिव्यांचे बोर्ड लावले, पण शेठच्या दुकानात अजून लाकडी फळी, पत्र्याचे आकडे आणि ते लावायला आक्का. पलीकडच्या देशाचा एक घ्यायला आपले किती मोजायचे, ते त्या फळीवर. फोनवर भाव आला की शेठ आतून ओरडणार आणि आक्का स्टुलावर चढून आकडे खिळ्याला अडकवणार. गल्लीत सगळं रेटवरच चालायचं. पोराचं वय विचारलं तर आई सांगायची, "हा तीनला झाला आणि ही पाचला."

आक्काची धाकटी बहीण लग्न करून पूल ओलांडून गेली, तेव्हा आपल्या एकात तिकडचे दोन यायचे. लोक हळहळले. असल्या स्वस्त देशात दिली पोरगी! आक्का मात्र तेव्हा पलीकडे जायची ती थाटात. चादरी काय, भाचीला बूट काय, एकदा तर डोक्यावर पंखा घेऊन गेली. तिकडच्या बाजारात तिला मालकीणबाई म्हणायचे. धाकटी हसायची, "आक्के, अख्खं दुकान उचलून आणलंस की काय?"

मग दिवस फिरले. रेट बरोबरीत आला, मग उलटा झाला. तिकडच्या एकाला आपले दोन, मग चार. तेच लोक म्हणायला लागले, नशीब काढलं हो पोरीनं! लोकांच्या जिभेला कुठं हाड असतं. आक्काच्या पिशव्या लहान होत गेल्या. एका वर्षी ती नुसते रुमाल घेऊन गेली. धाकटीने ते छातीशी धरले, पण आक्काला काही ते पचलं नाही. त्यानंतर तिने जाणंच सोडलं.

रेट दहाला टेकला तेव्हा पंचाईत झाली. फळीवर दशांशाच्या टिंबाच्या डाव्या बाजूला खिळाच एक, आणि आकडे झाले दोन. शेठ हातोडी घेऊन आला.

"आक्का, सरक. अजून एक ठोकू दे."

"कशाला चांगल्या फळीला भोक पाडताय? उतरेल आठ दिवसांत."

"आणि नाही उतरला तर?"

"चढलेलं माकड झाडावर मुक्काम करतं का?"

शेठने ठोकलाच. पण आक्का उगाच बोलत नव्हती. मागे एकदा रेट सहाला जाऊन चारला आला होता, तिने स्वतःच्या हाताने लावलेला. कोपऱ्यावरचा शिंपी तेव्हा तिचं ऐकून पैसे बदलायचा थांबला होता आणि फायद्यात राहिला. तेव्हापासून आपली माती पुन्हा सोनं होणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

अशात धाकटीचं छातीचं दुखणं वाढलं. नवरा आधीच गेलेला, सगळं करणारी एकटी मुलगी. धाकटी रोज फोन करायची.

"आक्के, कधी येतेस?"

"येते गं. जरा रेट उतरू दे."

"मी काय रेट बघून आजारी पडले का?"

"चार पैसे हातात घेऊन येते. तुला मोठ्या डॉक्टरला दाखवू."

"डॉक्टर गेला खड्ड्यात. हात हलवत ये. तुझं तोंड बघायचंय मला."

"तुझ्या आजारपणात येऊन तुझ्याच ताटात जेवू? मोठी आहे मी तुझ्यापेक्षा."

"मोठी कसली, हट्टी आहेस," धाकटी म्हणायची आणि खोकत खोकत फोन ठेवायची.

आता कुणी म्हणेल, पलीकडेच तर होती, पूल चालून जायला काय झालं होतं? असं म्हणणाऱ्याने आधी मालकीणबाई होऊन जावं, मग रुमाल घेऊन जावं, आणि मग तोंड उघडावं. आक्का कंजूस नव्हती. ती बहिणीसाठीच पोटाला चिमटा काढून साठवत होती. चुकली. पण चुकली ती मायेपोटी.

रेट बारा झाला. तेरा झाला. एका सकाळी तिने चौदा लावले. इतके कधीच झाले नव्हते. ती स्टुलावरून उतरतच होती, तेवढ्यात भाचीचा फोन आला. धाकटीने पहाटे दवाखान्यात प्राण सोडला होता.

आक्का रडली नाही. घरी गेली, साठवलेलं सगळं फडक्यात बांधून आणलं आणि काउंटरवर ठेवलं. "बदलून द्या."

शेठने तिच्या तोंडाकडे बघितलं. "आक्का, तुला दहाने देतो."

"फळीवर काय आहे?"

"फळी गेली चुलीत."

"मी लावलंय ते. चौदाच धरा."

"अगं, माझ्या पदरचं देतोय. वेड लागलंय का तुला?"

"रेटसाठी थांबवलं ना मी तिला? आता तिच्यापुढे जाऊन काय सांगू? थांबले म्हणून चार वाचले?"

शेठने फडकं सोडलं. चौदाने मोजून दिले. एवढ्या वर्षांचं गाठोडं एका मुठीत मावलं.

पूल कधी संपला ते तिला कळलंही नाही. भाची दारातच उभी होती. धाकटीला दवाखान्यातून अजून आणायचं होतं. आक्काने मूठ पुढे केली.

"हे कशाला गं मावशी?" भाचीने पैसे घेतले नाहीत. हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. पलंगाची दाराकडची बाजू दबून खोलगट झाली होती. भिंतीकडची तशीच, न वापरलेली. उशीसुद्धा फुगलेली.

"ही बाजू आई कुणाला द्यायची नाही. मलाही नाही. दुखणं वाढलं तरी अशी कडेला, पडायच्या बेतात झोपायची. म्हणायची, आक्का झोपेत लोळते, तिला भिंतीकडेच लागतं."

आक्काच्या मुठीतल्या नोटा खाली पडल्या. भाची उचलायला वाकली. तोवर आक्का पलंगावर चढली, पार भिंतीला टेकली आणि दाराकडची जागा मोकळी सोडून पडून राहिली.