सत्यमची हाक

दुष्काळात सातारा परिसरात इमारती उभ्या राहिल्या, नळ मात्र कोरडे. टँकर आला की शेजारचा सत्यम गच्चीवरून हाक द्यायचा. तो रॉक गायचा, हाकही त्याच चालीत. आवाज असा की मागच्या गल्लीतल्या बायाही घागरी घेऊन पळायच्या.

"हे गाणं नाय, भांडण हाय," मी म्हणायचे.

"काकू, पाणी तर मिळालं ना?"

सव्विसाव्या वर्षी तो डेंग्यूनं गेला. त्यानंतर टँकर आला, हॉर्न वाजला, पण कुणी हललं नाय. हॉर्न काय, रस्त्यावर दिवसभर वाजतात. मग त्याची बहीण मोनिका गच्चीवर चढली आणि त्याच्याच चालीत ओरडली. घागरी निघाल्या.

आता नळाला पाणी येतं. तरी मोनिका संध्याकाळी गच्चीवर गाते. मी रिकामी घागर घेऊन खाली उतरते आणि गाणं संपेपर्यंत उभी राहते.