लिहिता येत नसल्याचा दाखला

मी शिकवत नाही, हे आधीच सांगून टाकते. मोठ्या माणसांचा फुकट लेखनवर्ग चालवते म्हटलं, की लोकांना वाटतं ही बाई फळ्यापुढे उभी राहून अक्षरं गिरवून घेत असेल. माझं काम म्हणजे सभागृहाच्या राखणदाराकडून गोड बोलून किल्ली मिळवायची, शिकवायला तयार झालेल्या सद्गृहस्थांना आदल्या दिवशी फोन करून "येताय ना?" विचारायचं, आणि ते आले नाहीत की जमलेल्यांना चहा पाजून ताटकळत ठेवायचं. माझे यजमान म्हणतात, "तुझा वर्ग म्हणजे खुर्च्या मांडणं आणि खुर्च्या उचलणं." अकरा वर्षं मी हे ऐकते आहे. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण तसं मी त्यांना कबूल केलेलं नाही.

वर्गाला येणारे सगळे पोटामागे धावणारे. दोन रखवालदार, भांडी घासणाऱ्या चौघी, एक शिंपी, एक हमाल. कामावरून थेट यायचे आणि पहिल्या अर्ध्या तासात निम्मे पेंगायचे. शिवाय पंचेचाळिशीची एक बाई होती, इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लॉन्ड्रीत कामाला. तिला सगळे खोडरबर म्हणत. एक ओळ लिहायची की तीनदा खोडायची, कागदाला भोक पडेपर्यंत. "अहो, त्या कागदाने तुमचं काय घोडं मारलंय?" शिंपी तिला चिडवायचा. ती हसायची आणि पुन्हा खोडायची. नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला, मूलबाळ नाही, घर तिच्या एकटीच्या पगारावर. तरी दोन वर्षांत तिने एक दिवस चुकवला नाही. सही यायलाच चार महिने लागले. आली तेव्हा ती तिने वर्गातल्या प्रत्येकाला दाखवली, चहावाल्यालासुद्धा.

दुसऱ्या वर्षी अर्जलेखन आलं. शिकवायला एक निवृत्त कारकून यायचे. ते म्हणाले, अर्ज खऱ्या गोष्टीचा लिहा, म्हणजे शब्द शोधावे लागत नाहीत. बाकीच्यांनी नळाला पाणी नाही, गल्लीतला दिवा बंद आहे, असलं काही खरडलं आणि मोकळे झाले. खोडरबर तीन आठवडे त्या एका अर्जावर खपली. अर्जात होतं: लॉन्ड्रीत चादरी दाबून वाळवणारा जो तापलेला रूळ असतो, त्याच्यापुढची जाळी आठ महिन्यांपूर्वी मोडली. तिथे सुतळी बांधून ठेवली आहे. शेजारी काम करणाऱ्या बाईचा हात मनगटापर्यंत भाजला, तर मुकादम म्हणाला, ती झोपेत होती. 'ती झोपेत नव्हती. मी समोर होते.' हे शेवटचं वाक्य, आणि खाली सही.

वाचून झाल्यावर मी म्हटलं, "हा पाठवू या."

"नको बाई. राहू द्या तुमच्यापाशी."

"अगं, पण खरं आहे ना सगळं?"

"खरं आहे म्हणून तर."

हे मला समजलं नाही असं म्हणायची सोय नाही. समजलं होतं. पण मी स्वतःची समजूत घातली की ती घाबरते आहे, तिला कुणी पाठबळ द्यायला हवं, आणि ते मीच द्यायला हवं. खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. वर्गाला मदत करणाऱ्या संस्थेची बैठक आठवड्यावर आली होती. तिथले एक साहेब दर वर्षी विचारायचे, "पण याचा उपयोग काय होतो, मॅडम?" आणि दर वर्षी मी घाम पुसायची. या खेपेला मी अर्ज पाकिटात घातला, स्वतः लॉन्ड्रीच्या कचेरीत नेऊन दिला आणि पोच घेतली. बैठकीत ती पोच वर धरून दाखवली. टाळ्या पडल्या. घरी येऊन यजमानांना म्हटलं, "खुर्च्या उचलते म्हणे!" त्या दिवशी मी हवेत होते. तो दिवस आठवला की आजही मला माझीच किळस येते.

चौथ्या दिवशी तिला कामावरून काढलं.

रविवारी सकाळी ती माझ्या घरी आली. मला वाटलं, भांडेल, चार शब्द सुनावेल. मी तिचे पाय धरायचीसुद्धा तयारी ठेवली होती. ती दारातच उभी राहिली.

"बाई, तो अर्ज तुम्ही नेऊन दिलात?"

"हो."

"लॉन्ड्रीच्या साहेबांनी बोलावून विचारलं, हे तू लिहिलंस का. माझ्या तोंडून निघून गेलं, मला कुठं लिहिता येतं, साहेब! तर म्हणाले, मग ज्यांनी लिहिलं त्यांना घेऊन ये, आणि तुला लिहिता येत नाही असं त्यांच्याकडून लेखी आण. मग बघू."

मी तावातावाने बोलायला लागले. आपण कामगार कचेरीत जाऊ, वकील गाठू, वर्गातले सगळे साक्षीला येतील, असे अन्याय सहन करायचे नसतात. तिने ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"त्याला किती दिवस लागतील?"

"दिवस... वर्ष लागेल. दोन लागतील."

"ह्यांचं औषध रोजचं आहे, बाई."

वर्गाच्या छापील कागदावर मी लिहिलं: सदर महिला आमच्या वर्गात दोन वर्षे येत असून तिला लिहिता-वाचता आलेले नाही. आपल्या कचेरीत दिलेला अर्ज मी दुसऱ्या व्यक्तीकडून लिहून घेतला व तिच्या नकळत त्यावर तिच्या नावाची सही करवून घेतली. खाली माझी सही, शिक्का. कागद मी तिच्याकडे दिला. तिने तो उजेडाकडे धरला आणि ओठ हलवत, बोट फिरवत, पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचला.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

सोमवारी आम्ही दोघी लॉन्ड्रीत गेलो. कचेरीकडे जायची वाट यंत्रांमधून होती. वाफेने माझा चष्मा धुरकटला. तो पुसला तेव्हा तो रूळ दिसला. पुढे सुतळीच होती, फक्त नवी. भाजलेल्या बाईच्या जागी कुणी वेगळीच चादरी सरकवत होती.

व्यवस्थापक तिशीतला, बोलण्यात साखर. त्याने दाखला वाचला आणि माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "मॅडम, तुमची समाजसेवा आमच्या अंगाशी का आणता?"

"माझं चुकलं," मी म्हटलं. हे तेवढं खरं होतं.

"मावशी, अर्ज तुमचा नाही असं या कागदावर लिहिलंय. अंगठा द्या इथं."

तिने डावा अंगठा शाईच्या डबीवर दाबला आणि त्याने बोट ठेवलं होतं तिथे टेकवला. मला वाटलं, सुटलो. मी पर्स उचलली. पण तो काही आमच्यासारखा भोळा नव्हता. त्याने एक चिठ्ठी पुढे ओढली, ठळक अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि तिच्यापुढे ठेवली. "हे जरा बघा, मावशी."

माझ्या खुर्चीवरून मला ते वाचता येत होतं. 'तुम्हाला कामावर परत घेणार नाही.'

तो चिठ्ठीकडे पाहत नव्हता. तिच्या तोंडाकडे पाहत होता. दोन वर्षं मी याच बाईला सांगत आले होते, की दिसेल ते वाच, दुकानाची पाटी वाच, औषधाची बाटली वाच. तिने चिठ्ठीवर नजर टाकली. पापणीसुद्धा लवली नाही. मग शाईने भरलेला अंगठा उचलून ती म्हणाली,

"यावर पण लावू का, साहेब?"

तो हसला. "नको, नको." चिठ्ठी चुरगळून त्याने टोपलीत टाकली. "उद्या सकाळच्या पाळीला या."

फाटकाबाहेर आल्यावर तिने भिंतीला हात टेकला. "माझ्या तोंडावर काही दिसलं का हो?"

"नाही."

"नक्की?"

"काही दिसलं नाही."

"मला वाटलं, खरंच लिहिलंय त्यांनी." अंगठा ती पदराच्या आतल्या बाजूला पुसत होती. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर तिने मान हलवली. "वर्गाचं आता नको, बाई. तिथं येणारे इथल्या बायकांच्या ओळखीचे आहेत. माझी वही तुमच्या कपाटात आहे, ती फाडून टाका. आठवणीने." मी हो म्हटलं. ती वही मी त्याच दिवशी फाडली, आणि फाडताना रडले, पण माझ्या रडण्याने कुणाचं काय भलं होणार होतं?

बसथांब्यावर लॉन्ड्रीतल्या दोघी उभ्या होत्या. त्या दिसताच तिने मला डोळ्यांनीच मागे थांबायला सांगितलं आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. बस आली. पाटीवरची अक्षरं हातभर उंच होती, मला रस्त्यापलीकडूनही वाचता आली असती. खोडरबरने पाटीकडे पाहिलं, मग शेजारणीच्या दंडाला हात लावला.

"अगं, ही कुठली गाडी?" तिने विचारलं.