अमृतच्या वाट्याची जागा

देवळाली प्रवरात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत रुपालीचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, उद्घाटनं, आणि सगळ्यात जास्त भावपूर्ण श्रद्धांजली. लोक मयताचा कुठल्यातरी लग्नातला फोटो मोबाईलवर आणतात. रुपाली मागची माणसं पुसते, गळ्यातला टॉवेल काढून कोट चढवते, भोवती हार घालते. हात सफाईदार. हे सगळं तिला नवऱ्याने, अमृतने शिकवलं.

अमृतला यंत्रांशी खेळायची खोड. त्याने दुकानाच्या कॉम्प्युटरची अर्धी डिस्क वेगळी तोडून तिथे विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी प्रणाली स्वतःसाठी बसवली. सुरू करताना पडद्यावर दोन्हींची नावं येत, वरचं त्याचं. कुणी कळ दाबली नाही, की आपोआप त्याचंच उघडे, 'अमृत' असं नाव उमटे आणि पासवर्ड मागे. तो फक्त त्यालाच ठाऊक. गेल्या वर्षी उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून अमृत गेला. त्याचा फ्लेक्स रुपालीनेच केला.

तेव्हापासून तिची सासू, चांगुणाबाई, रोज सकाळी दुकानात येऊ लागली. कॉम्प्युटर लावला की सुनेचा हात धरायची. "थांब. येऊ दे त्याला." नाव उमटलं की समोर बसून त्याला गायीचं, विहिरीच्या पाण्याचं सांगायची.

मी एकदा म्हटलं, "चांगुणाबाई, ते यंत्र आहे. कळ दाबली नाही की उघडतं."

"त्येच म्हंते मी, बाई. कुनी हात लावत न्हाई, तरी येतो."

मला रागच आला.

पुढे डिस्कची रुपालीची, विंडोजची बाजू फायलींनी भरली. दहाव्याचा एक फ्लेक्स सेव्ह होता होता जागा संपली. पुन्हा उघडला तर म्हाताऱ्याचा चेहरा नाकापर्यंतच, खाली नुसता राखाडी पट्टा. गिऱ्हाईक राहुरीच्या दुकानात गेलं. मग दुसरंही गेलं.

"असंच चाललं तर दुकान बंद, मॅडम. मला त्यांची अर्धी बाजू पाहिजेच," रुपाली मला म्हणाली.

"मग घे की. सासूला कसली विचारत बसतेस?"

"विचारलं. ती त्याची जागा हाय म्हणाल्या."

शेवटी एका दुपारी तिने अमृतची बाजू पुसली. सासूसमोरच; चोरून करणारी नव्हे ती. कॉम्प्युटर पुन्हा लावला तर पडदा काळा. दोन्ही नावं गायब; ती यादीही अमृतच्याच बाजूत होती. 'असा भाग सापडत नाही' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ, आणि तिच्याखाली एक रेघ उघडझाप करत राहिली.

"वाट बघतंय," चांगुणाबाई म्हणाली.

रुपालीने पेनड्राइव्ह लावून तेवढं दुरुस्त केलं. विंडोज आलं, पण जागा वाढली नव्हती. डिस्कच्या नकाशात अमृतचा पट्टा काळा, बिननावाचा. आणि त्याच्या नि तिच्या पट्ट्यांमध्ये विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला एक चिंचोळा तुकडा. पट्टे लागून असल्याशिवाय जोडता येत नाहीत.

"मधी बांध हाय म्हन की," सासू म्हणाली.

"व्हय. तो पलीकडं सरकवते."

सरकवताना वीज गेली तर सगळंच जाणार होतं. आम्ही तिघी पंख्याकडे बघत बसलो. पंखा फिरत राहिला, आणि अखेर काळा पट्टा रुपालीच्या पट्ट्यात मिसळून निळा झाला.

"झालं. आता अडायचं नाही," रुपाली म्हणाली.

"त्याची जागा रिकामी हाय आता?"

"रिकामी. आपली."

"मग माजा फोटू काढ अन् थितं ठेव. हारासकट."

"आत्या, काहीतरी बोलू नका."

"त्याला सोबत नगं व्हय?"

रुपालीने माझ्याकडे पाहिलं. "काढ एकदाचा फोटो," मी म्हटलं, "शांत बसेल." मला आपलं तेवढंच कळलं.

चांगुणाबाईने पदर डोक्यावरून नीट घेतला. चौकट स्वतः निवडली. झेंडू नको, गुलाब घाल म्हणाली. खाली नाव, तारखेची जागा मोकळी. फाईल मोठी होती, पण जराही न अडखळता सेव्ह झाली.

दुकान आता बरं चाललंय. चांगुणाबाई अजून रोज सकाळी येते, ती फाईल उघडायला लावते आणि समोर बसते. बोलत मात्र नाही. परवा मी विचारलं, "आता गप्प का?"

मान न वळवता तिने हात वर केला.

"थांबा बाई. त्याचं बोलनं चाललंय."